किल्ल्यासाठी माती

आर्गिश्ती, मेनुआचा मुलगा, याने आजच्या येरेवानातल्या एका टेकडीवर किल्ला बांधला. उरार्तू या प्राचीन राज्याचे राजे तसं दगडावर कोरून ठेवत: हे मी बांधलं, इथे आधी काहीच नव्हतं.

जर्मन दुकानात क्रेस म्हणून जे बी मिळतं तो आपला हळीव.

प्लास्टरचे मावळे विमानातून न्यायचे तर मोज्यांत गुंडाळून. तरी एकाचा भाला मोडतोच.

बायको, कुंदाताई, गेल्या त्या वर्षी दिनकररावांनी दिवाळीत किल्ला केला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

बाल्कनीत चिखल कालवू नये असं इमारतीच्या नियमावलीत, हाउसऑर्डनुंगमध्ये, कुठेही लिहिलेलं नाही. ऊर्मिलाने दोनदा वाचलं.

*

बाल्कनी जर्मनीतल्या एर्लांगेनमधली. ऊर्मिला तिथल्या युनिव्हर्सिटीत उरार्तूच्या किल्ल्यांवर संशोधन करते. खाली दगडाचा पाया, वर मातीच्या कच्च्या विटांची भिंत. ‘मी बांधलं’ म्हणणारा राजा विटा वाळायला किती वेळ लागला ते सांगत नाही. ते शोधायला तिनं चिखलात पेंढा घालून तशाच विटा थापल्या, प्रत्येकीवर नंबर कोरला आणि बाल्कनीच्या छपराखाली वाळत ठेवल्या. गुरुवारी त्या प्राध्यापकबाईंपुढे मांडायच्या होत्या. तिच्या प्रोजेक्टची मुदतवाढ त्यांच्यावर अवलंबून होती.

सोमवारी ती सायकल लावून वर आली तेव्हा विटा नव्हत्या.

किल्ला होता.

“थांब, थांब, चप्पल तिकडे! तो खंदक आहे,” दिनकरराव म्हणाले. पुण्याहून दिवाळीसाठी आलेले तिचे सासरे कोपरापर्यंत चिखलात होते. शेजारी तिची मुलगी अन्वी तटावर हळीव पेरत होती आणि आईकडे बघत नव्हती.

“अगं, काय तयारी ही! माती गाळलेली, पेंढा घातलेला, वर नंबरसुद्धा. बुरूज कुठला आधी हेही ठरवून ठेवलंस? विटा पाण्यात घातल्या आणि लोण्यासारख्या विरघळल्या. पुण्याला शेजारच्या विलासला फोन केला मी. म्हटलं, तुझी सून चकल्या करत असेल, माझ्या सुनेनं किल्ल्याची माती कालवून ठेवलीय.”

ऊर्मिलाच्या खांद्यावरची बॅग अजून खांद्यावरच होती.

“माती आणायचं काम कायम कुंदाचं,” ते हात झटकत म्हणाले. “मला वाटलं होतं, आता कोण आणतंय.”

“तुमच्यासाठीच आणली, बाबा,” ऊर्मिला म्हणाली.

*

संध्याकाळी तिचा नवरा हृषिकेश न्युरेम्बर्गहून आला.

“अगं, या तर गुरुवारच्या—”

ऊर्मिलाने त्याच्या पायावर पाय दिला.

“—गुरुवारच्या आत झाला किल्ला, बरं झालं,” हृषिकेश म्हणाला. बारा वर्षांचा संसार कामाला आला.

*

“महाराज तर वर बसतीलच,” दुसऱ्या दिवशी दिनकरराव म्हणाले, “पण तुझ्या त्या राजालाही एक बुरूज देऊ. देव कुठला त्याचा?”

“हाल्दी.”

“हाल्दी? मग कुंकू कोण?”

“अरुबानी. बायको त्याची.”

“झालं तर. जोडीनं बसवू. आणि लेख हवा ना दगडावर? अन्वी, घे पुठ्ठा. मी सांगतो, तू लिही.”

    दिनकर, महादेवचा मुलगा, म्हणतो:
    हा किल्ला मी बांधला.
    इथे आधी काहीच नव्हतं.

अन्वीचं पेन थांबलं.

“श्टिम्ट निष्ट,” ती म्हणाली. मराठीत विचारलं तरी ती उत्तर जर्मनमध्येच देते. पण आजोबांना ते कळलं नाही, तेव्हा तिने एकेक शब्द शोधत म्हटलं, “आजोबा, हे खोटं आहे. इथे मम्माच्या विटा होत्या. कामाच्या.”

“मग काल सांगितलं का नाहीस?”

“मला किल्ला हवा होता.”

दिनकररावांनी आधी किल्ल्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“ऊर्मिला, खरं?”

“हो, बाबा.”

“आणि माझ्यासाठीच म्हणालीस ते?”

“तुम्ही विलासकाकांना फोन करून मोकळे झाला होतात.”

ते खुर्चीत बसले. बराच वेळ नखांतली माती काढत राहिले. “आता परत करावा लागणार त्याला फोन. ऐकवेल जन्मभर.”

“मुळीच करायचा नाही. माती मीच आणली होती, एवढं खरंच आहे.” ती खाली वाकली आणि मोडक्या भाल्याच्या मावळ्याला दरवाजाच्या आत, सावलीत उभं केलं. “आणि पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ तेवढी खोडा.”

*

गुरुवारी तिने किल्ल्याचा फोटो दाखवला. प्राध्यापकबाई आधी हसल्या, मग त्यांनी मुदतवाढीचा निर्णय नव्या विटा वाळेपर्यंत पुढे ढकलला. मिळेलच असं काही त्या बोलल्या नाहीत.

रविवारी दिनकरराव पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून टबातला चिखल तुडवत होते.

“पेंढा किती?”

“वजन करून घालते.”

“मूठभर घाल गं.”

“बाबा, वजन.”

“राजाकडे होता का वजनकाटा?”

“राजाला प्राध्यापकबाई नव्हत्या. तुडवा तुम्ही. तो कोपरा राहिलाय.”

“अहाहा! सासऱ्याला चिखलात घातलं आणि वर कोपरे दाखवतेय,” दिनकरराव म्हणाले, आणि कोपरा तुडवायला वळले.

ऊर्मिला भिलाईत वाढली. तिथल्या त्यांच्या कॉलनीत दिवाळीला कुणी किल्ला करत नसे; दिवाळीत चिखल कालवायची तिची ही पहिलीच वेळ.