अबोल्याचा पुरावा

नवरा-बायको एका घरात राहतात म्हणजे ते एकमेकांशी बोलतात, असं कायदा धरून चालतो. हा नियम ज्याने लिहिला त्याचं लग्न झालेलं नसावं. मी वकील आहे आणि माझं लग्नही झालेलं आहे, त्यामुळे हे मी दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांची बायको एका औषध कंपनीत होती; संचालकांच्या बैठकीपुढे जाणारे कागद आधी तिच्या टेबलावर तयार व्हायचे. या कंपनीचं दम्यावरचं नवं औषध चाचणीत नापास झालं. बातमी जाहीर झाली आणि शेअर धाडकन कोसळला. नेमक्या आदल्या दुपारी मास्तरांनी त्या कंपनीचे आपल्याकडचे सगळे शेअर विकून टाकले होते. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची नोटीस आली: बायकोला आतली बातमी ठाऊक होती, तिने ती नवऱ्याला सांगितली, नवऱ्याने हात धुऊन घेतले. याला इनसायडर ट्रेडिंग म्हणतात. सिद्ध झालं तर दोघांच्याही नोकऱ्या जाणार होत्या, आणि पुढे तुरुंगही फार लांब नव्हता.

पहिल्यांदा दोघं माझ्या ऑफिसात आले तेव्हाच माझं डोकं फिरलं. माझं ऑफिस लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ वर येते आणि कागद दमट होतात, त्यामुळे मी तशीही तापलेलीच असते.

"शेअर का विकलेत?" मी मास्तरांना विचारलं.

"सहज."

"सहज माणूस खिडकीतून बाहेर बघतो, मास्तर. होते नव्हते तेवढे शेअर सहज विकत नाही."

मास्तरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मी त्यांच्या बायकोकडे वळले, तर ती म्हणाली, "आम्ही घरी ऑफिसचं काही बोलत नाही." आणि तिने खुर्ची किंचित बाजूला सरकवली. मी इतकी वर्षं अशिलांचं खोटं ऐकत आले आहे. चांगलं खोटं बोलणाऱ्यांबद्दल मला थोडा आदरही वाटतो. पण या दोघांना तेही जमत नव्हतं.

सुनावणी जवळ आली तशी मी एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन थडकले. ती घरी कुठे बसून काम करायची, कागद कुठे ठेवायची, ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. छोटं, नीटनेटकं घर. दार मास्तरांच्या आईने उघडलं. सगळे त्यांना माई म्हणायचे, मीही म्हणू लागले. कंपनीने चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका असं सांगितल्यामुळे सूनबाई हल्ली रोजच घरी असायच्या, आणि सुट्टी म्हणून मास्तरही समोरच्या खुर्चीवर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते.

"आई," सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ह्यांना विचारा, चहा घेणार का."

मास्तर तिच्यापासून दोन पावलांवर होते.

"चहा घेणार का रे?" माईंनी विचारलं.

"तिला सांग, अर्धा कप."

"अर्धा कप म्हणतोय," माई म्हणाल्या. सूनबाई आत गेल्या.

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "हे असं कधीपासून चाललंय?"

मास्तरांनी पेपर आणखी वर धरला. शेवटी माईच म्हणाल्या, "त्याने हिला न विचारता हिच्याच कंपनीचे शेअर घेतले ना, तेव्हापासून. ही म्हणाली, मी तिथे काम करते, बरं दिसत नाही, विकून टाका. तो म्हणाला, माझ्या पैशांचं मी बघेन. तेव्हापासून अबोला. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत."

"आणि ते औषध नापास झालं ते यानंतर?"

"नंतर," सूनबाई आतून म्हणाल्या. "कितीतरी नंतर."

मला तर नाचावंसं वाटलं. कायदा म्हणतो हे दोघं बोलतात, आणि इथे ती बातमी जन्माला येण्याच्या आधीपासून दोघांत अबोला! "अहो, मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत काय सांगायचं?" मास्तर पुटपुटले. "या वयात?"

तुरुंगात गेलं तरी चालेल, पण घरातलं भांडण बाहेर जाता कामा नये. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण माझा आनंद जिन्यापर्यंतच टिकला. मास्तर मला सोडायला खाली आले आणि पहिल्या वळणावर कठड्याला धरून उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, अबोल्याचं नका काढू. विकायचा निरोप हिनेच पाठवला होता. आईच्या हाती. आदल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बातमी पाहिली आणि मला सगळं कळलं. हिला माहीत होतं, म्हणूनच हिने सांगितलं. तुम्ही असं मांडा, की मी हिची बॅग उघडून कागद वाचले. मला काय व्हायचं ते होऊ दे. तिला वाचवा."

मी तशीच घरी आले. रात्रीचं जेवण मला गेलं नाही. आणि सकाळी सूनबाईंचा फोन आला. "मॅडम, ह्यांनी माझी बॅग उघडून पाहिली असणार. दुसरं काही असूच शकत नाही. पण तुम्ही असं म्हणा, की मीच कागद हलगर्जीपणाने टेबलावर टाकले होते. सगळा दोष माझ्यावर टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघं एकमेकांना गुन्हेगार समजत होते आणि एकमेकांसाठी फासावर चढायला निघाले होते, पण समोरच्याला साधा प्रश्न विचारायला तयार नव्हते. रागासोबत मला रडूही येत होतं, ते वेगळं.

सूनबाईंनी निरोप पाठवला नसेल तर मास्तरांना कुठून मिळाला? मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. मास्तर शाळेत होते, सूनबाई बाजारात. माई ताटल्या पुसत होत्या.

"माई, शेअर विक असं मास्तरांना कोणी सांगितलं?"

"मीच."

"सूनबाईंनी सांगायला लावलं म्हणून?"

"तिने कुठे काय सांगितलं?" माईंनी ताटली उजेडाकडे धरून पाहिली. "दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस. घरात हे असं. म्हटलं, एकाने तरी नमतं घ्यावं. म्हणून त्याला सांगितलं, ती म्हणतेय, वाढदिवसाला मला काही नको, तेवढे शेअर विकून टाका, मी बोलेन. गेला बिचारा आणि विकून आला. तरी दोघं गप्पच! मला वाटलं, आपलाच निरोप कुठेतरी चुकला."

मी स्टूल ओढून बसले. "माई, खटला कशाचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

"ऑफिसचं काहीतरी आहे म्हणाले. मला कोण सांगतंय?"

मी सांगितलं. माईंच्या हातातली ताटली हातातच राहिली. मग त्यांनी ती हळूच बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळेच सुटतील. हे फक्त तिथे येऊन सांगा."

मला वाटलं, त्या लगेच हो म्हणतील. पण त्या पदराला हात पुसत राहिल्या. "तिथे सगळं विचारतील का? बाकीचे निरोपसुद्धा?"

"बाकीचे कोणते?"

"वकीलबाई, हे एकमेकांना काय निरोप पाठवायचे? नळ बंद करा. बिल भरा. नुसतं तेच मी किती दिवस पोचवायचं? म्हणून मधूनमधून थोडं माझ्या पदरचं घालायचे. तो म्हणतो, तू दमलेली दिसतेस. ती म्हणते, निळा शर्ट तुम्हाला शोभतो. त्यावरच तर घर चाललंय. ते खोटं आहे असं कळलं, तर राहिलं काय?"

मी फक्त म्हणाले, "नाही सांगितलंत तर घरच राहणार नाही, माई."

मास्तरांना आणि सूनबाईंना मी अवाक्षर सांगितलं नाही. एकाच गोष्टीवर तिघांनी घोकंपट्टी केली असं कुणी म्हणायला नको होतं.

सुनावणीची खोली म्हणजे लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि हुडहुडी भरेल एवढा एसी. अध्यक्षांना सर्दी झाली होती. मंडळाचे वकील गुळगुळीत आवाजाचे, हसतमुख. असे लोक मला पहिल्यापासून आवडत नाहीत. माईंनी सगळं सांगितलं. मास्तर हळूहळू ताठ होत गेले. सूनबाईंनी तोंडावर हात घेतला.

"मुलाला वाचवायला आई काहीही सांगेल," मंडळाचे वकील म्हणाले.

अध्यक्षांनी नाक पुसलं. "माई, पण नेमका तोच दिवस का? आठवडाभर आधी का नाही?"

"अहो, वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. मी काय करणार? तुमची बातमी तिच्या वाढदिवशी आली, तिचा वाढदिवस तुमच्या बातमीसाठी नाही आला."

अध्यक्षांनी कंपनीच्या कागदांत सूनबाईंची जन्मतारीख काढायला लावली. मंडळाच्या वकिलांनी ती वाचली आणि त्यांचं हसू जरा उतरलं. पण गडी हटेना. "असं आहे तर, आणखी कोणते निरोप बनवले होते तुम्ही?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली.

माई सांगू लागल्या. निळ्या शर्टाचं. दमलेली दिसतेस त्याचं. तुझ्याशिवाय घर खायला उठतं, हे मुलाच्या नावावर. रात्री खोकताय, डॉक्टरकडे जा, हे सुनेच्या नावावर. बोलताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

"हे तू म्हणाली नव्हतीस?" मास्तर भर सुनावणीत बायकोला म्हणाले. अबोल्यानंतर थेट तिला उद्देशून आलेलं ते पहिलं वाक्य. "मी आठवडाभर तो शर्ट घालून शाळेत जात होतो!"

"आणि ते घर खायला उठतं," सूनबाई म्हणाल्या, "तेही तुम्ही नाही?" त्यांचे डोळे भरून आले होते.

अध्यक्षांनी बराच वेळ रुमाल नाकाशी धरून ठेवला. तेवढी सर्दी त्यांना होती असं मला वाटत नाही.

निकाल त्याच संध्याकाळी आला. आतली माहिती नवऱ्यापर्यंत पोचल्याचं दिसत नाही, मुख्य आरोप रद्द. कर्मचाऱ्याच्या नवऱ्यालाही शेअर विकायला कंपनीची परवानगी लागते, ती न घेता विकले, एवढ्यापुरता छोटा दंड आणि समज. माझा जीव भांड्यात पडला. मी फाइल बंद केली आणि गुळगुळीत वकिलांशी चक्क हात मिळवला.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर आणि सूनबाई समोरासमोर उभे होते, परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या मुलांसारखे मोकळे आणि थकलेले.

"त्यातला एकतरी निरोप तुझा होता का?" मास्तरांनी विचारलं.

"नळ बंद करा, तो."

"आणि बाकीचे?"

सूनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "बाकीचे मी पाठवायला हवे होते."

मास्तर खोकले. "मीही," एवढंच म्हणाले.

माई माझ्या मागे खांबाला टेकून उभ्या होत्या, एवढं सगळं निभावूनही भेदरलेल्या. त्यांनी माझी बाही ओढली आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "वकीलबाई, त्यांना विचारा ना, माझ्यावर रागावलेत का."

दोघं हाताच्या अंतरावर होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात सूनबाई वळल्या, दोन पायऱ्या चढून वर आल्या आणि माईंच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"आई," त्या म्हणाल्या, "मलाच विचारा."