एकशे बारा अंशांचं पाणी

मागच्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात माझ्या मुलीचं पुठ्ठ्याचं दीपगृह मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं गेलं. समोरच्या टेबलावर डिंकाचे ओघळ आलेली जहाजं होती, एका बाजूला कललेली घरं होती. हस्तकलेच्या बाईंनी दीपगृह चारी बाजूंनी पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "सुरेख आहे. पण हे आईचं काम आहे ना, बाळ?"

होतं. "एकच कड सरळ करते" म्हणत मी पट्टी हातात घेतली होती, आणि शेवटी मुलीकडे डिंकाच्या बाटलीला झाकण लावायचं तेवढं काम उरलं होतं. घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. साखरेचा डबा कुठेही ठेवा, तिला सापडतो. यंदा मुंगी दहा वर्षांची झाली आणि प्रदर्शनाचा विषय आला: स्वतः केलेला खाऊ, स्वतः केलेल्या खोक्यांतून. तिने जाळीदार टॉफी करायची ठरवली. साखर, मध आणि थोडं पाणी तापवायचं, योग्य वेळी खायचा सोडा टाकायचा. पाक फसफसून चौपट फुगतो आणि तसाच गोठतो. फोडला की आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते.

त्याआधी तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. आईने गरम भांडं उचलायचं. आईने बाकी काही उचलायचं नाही. आईने "मी सांगू का" असं म्हणायचं नाही. खाली माझी सही घेतली. साक्षीदार म्हणून माझ्या वडिलांची, म्हणजे तिच्या आबांची.

"हिच्या सहीवर विसंबू नकोस," आबा म्हणाले. "लहानपणी हिने बाहुलीचं लग्नसुद्धा दुसऱ्या कुणाला लावू दिलं नाही."

आबांनी उभा जन्म शिंपीकाम केलं. आता त्यांना कवळी आहे आणि वेळ भरपूर आहे, त्यामुळे टॉफी चाखायचं खातं त्यांच्याकडे गेलं.

खोकी मुंगीने जुन्या कॅलेंडरच्या पानांची केली, चोवीस. पहिल्या सहांची झाकणं बसेनात. सातव्यापासून ती तळाचा कागद झाकणापेक्षा काडीभर लहान कापू लागली. मी समोर बसून हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

शुक्रवारी संध्याकाळी पहिली टॉफी झाली. कृतीत लिहिलं होतं, एकशे पन्नास अंश. थर्मामीटरचा काटा एकशे पन्नासवर येताच तिने सोडा टाकला, पाक छान फुगला, मी भांडं उचलून ताटात ओतलं. तासाभराने तिने तुकडा मोडायला घेतला तर तो मोडेना. वाकला. आबांनी तोंडात टाकला, दोनदा चावला आणि तिसऱ्यांदा त्यांचं तोंड उघडेना. शेवटी वरची कवळी टॉफीसकट हातात आली.

"चव उत्तम आहे," आबा बोळक्या तोंडाने म्हणाले. "पण दात परत हवेत."

शनिवारी सकाळी दुसरी टॉफी. तिने साखर पुन्हा मोजली, भांडं पुसून कोरडं केलं, काटा बरोबर एकशे पन्नासवर. तीही वाकली. तिसऱ्या खेपेला मध कमी केला. तीही वाकली. डब्यात आता जेमतेम एका घाण्याची साखर राहिली होती. प्रदर्शन रविवारी सकाळी. जवळचं दुकान शनिवारी दुपारनंतर उघडत नाही.

मुंगी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "थर्मामीटर चुकतोय."

"ते शक्य नाही," मी म्हणाले.

हे मी फार पटकन म्हणाले. मी मापनाची उपकरणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तराजू, दाबमापकं, थर्मामीटर माझ्या टेबलावर येतात. मी त्यांची चूक शोधते, चूक मर्यादेत असेल तर 'तपासले' असं लेबल लावून सही करते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर तिथूनच जुना म्हणून काढलेला. त्याच्या पाठीवर तसलंच लेबल होतं.

"माझी सही आहे त्यावर," मी म्हणाले.

"तारीख बघ," मुंगी म्हणाली.

तारीख मुंगीच्या जन्माच्या आदल्या वर्षीची होती. अशा उपकरणाची तपासणी आम्ही दरवर्षी करतो. माझ्या खात्यात कुणी वर्ष उलटलेला थर्मामीटर वापरला तर मी त्याला अर्धा तास ऐकवते.

"सहीसुद्धा शिळी होते होय गं?" आबांनी विचारलं.

मुंगीने पातेल्यात पाणी ठेवलं. आमच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात, म्हणजे घर समुद्रसपाटीलाच, उंचीमुळे पाणी वेगळ्या अंशाला उकळतं असं सांगायची सोय नव्हती. पाणी खळखळून उकळलं. तिने थर्मामीटरचं टोक पाण्यात धरलं आणि काटा थांबेपर्यंत मनात आकडे मोजले.

"आई, पाणी शंभरला उकळतं ना?"

"हो."

"मग हा एकशे बारा का म्हणतोय?"

"पाण्यात काही विरघळलेलं असेल तर..." मी सुरू केलं आणि थांबले. नुसत्या मिठाने पाणी एकशे बारावर कधीच जायचं नाही, मावेल तेवढं घातलं तरी. हे मला विद्यार्थीदशेपासून माहीत आहे. तरी मी माझ्या सहीचा बचाव मिठाने करायला निघाले होते.

"बारा जास्त," मुंगी म्हणाली. "म्हणजे एकशे बासष्टला काढायचं."

इथे माझी खरी परीक्षा होती. शंभरला बाराची चूक असली तर एकशे पन्नासला बाराचीच असेल असं नाही. चूक तापमानाबरोबर वाढतही जाते. मी मनात गुणाकार केला: एकशे अडुसष्ट. तो आकडा अगदी जिभेच्या टोकावर आला. मी सांगितला असता तर टॉफी नक्की जमली असती, आणि उद्या टेबलावर पुन्हा माझंच काम मांडलं गेलं असतं. मी मूग गिळून बसले. मुलांना शिकवणं सोपं आहे. माहीत असलेलं न सांगायला मात्र अंगात ताकद लागते, आणि ती मला उशिरा आली.

मुंगी गॅसपाशी गेली, बासष्टचा आकडा कागदावर लिहिला आणि त्याकडे बघत राहिली.

"एकदा खोटं बोललाय," ती थर्मामीटरला म्हणाली. "पुढे खरं बोलशील कशावरून?"

मग तिने जे केलं ते मी तिला शिकवलेलं नाही. तिने दोन मोठे चमचे साखर बाजूला काढली आणि मधाचा थेंब घालून ती लहान भांड्यात तापत ठेवली. स्टीलच्या ताटाच्या कडेला खडूने आकडे लिहिले: १५०, १५६, १६२, १६८, १७४. भांडं मी तिरकं धरलं होतं, म्हणजे टोक पाकात बुडेल. काटा त्या त्या आकड्यावर आला की ती चमच्याने एकेक थेंब आकड्यासमोर टाकायची. पाच थेंब, फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत. ते गार झाल्यावर तिने ताट आबांसमोर धरलं.

"आबा, हळू चावा. कवळीला काही झालं तर आज दाताचा दवाखाना बंद आहे."

आबांनी पहिला थेंब चावला. "चिकट." दुसरा. "चिकट." एकशे बासष्टचा दाताखाली बराच वेळ धरला. "आधी वाटतो कडक, मग लोचटपणा करतो." एकशे अडुसष्टचा चावला आणि कट्ट असा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू आला. आबांच्या भुवया वर गेल्या. पाचवा तोंडात घालून त्यांनी लगेच बाहेर काढला. "हा कडू. जळलाय."

"अडुसष्ट," मुंगी म्हणाली.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने पाठ वळवली. माझे डोळे भरून आले होते आणि कागदावर त्याबद्दल काही नियम नव्हता.

उरलेल्या साखरेचा शेवटचा घाणा लहान झाला, पण ताट गार झाल्यावर मुंगीने लाटण्याने एक टोला दिला आणि टॉफीच्या काचेसारख्या चिरफळ्या उडाल्या. आत सोनेरी जाळी होती. चोवीसपैकी पंधरा खोकी भरली. झाकणं नीट न बसणारी सहा तिने आपणहून वगळली.

रविवारी शाळेच्या सभागृहात गर्दी होती. हस्तकलेच्या बाई टेबलापाशी आल्या, एक तुकडा मोडला, खाल्ला आणि माझ्याकडे वळल्या.

"सुंदर! अहो, माझी नेहमी चिकट होते. किती तापवता तुम्ही?"

"मला नका विचारू," मी म्हणाले. "हिला विचारा."

"आमच्या थर्मामीटरवर एकशे अडुसष्ट," मुंगी म्हणाली. "खरं किती ते मला माहीत नाही. तो उकळत्या पाण्याला एकशे बारा म्हणतो. म्हणून मी थेंब टाकून बघितले. तुम्ही तुमचे थेंब टाका, बाई. ज्याचा कट्ट आवाज येईल तो तुमचा."

बाईंनी आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाल्या, "थर्मामीटर चुकतोय हे कळलं कसं?"

"तीन टॉफ्या वाकल्या. तरी आई म्हणत होती तो बरोबर आहे, कारण त्यावर तिची सही आहे."

आजूबाजूचे दोन-तीन पालक हसले. त्यातल्या एकाच्या हातातून त्याचा मुलगा कागदी विमान काढून घेत होता, "मला करू द्या ना" म्हणत. बाईंनी टेबलावरची मधली जागा रिकामी केली, मुंगीची खोकी तिथे आणली आणि तिला म्हणाल्या, "सोमवारी वर्गात हे थेंबांचं करून दाखवशील? सगळ्यांना?"

"दाखवीन. ताट लागेल मोठं."

मग बाई माझ्याकडे पाहून हसल्या. "आणि आई, तुम्ही यात काय केलंत?"

"भांडी घासली," मी म्हणाले. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण स्वतःच्या कामाबद्दल इतक्या ताठ मानेने कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

"तीनच घासलीत," मुंगी म्हणाली. "दोन अजून भिजत आहेत." आणि पुढच्या मुलासाठी तिने खोकं उघडलं.