मोटारीचा प्रसाद

काशीराम चिकट होता हे मी लिहिणारच. त्याच्या घरच्यांना राग येत असेल तर येऊ दे; त्यांनीही त्याच्या हातून वाढलेली सुकट खाल्ली आहे, आणि ती त्यांना पुरली का ते त्यांनी देवीसमोर सांगावं. खाडीकाठी त्याची दोन मिठागरं होती. मीठ पनवेलच्या बंदरावर जायचं, पैसा काशीरामकडे यायचा, आणि पुढे तो पैसा कुठे जायचा हे त्याच्या बायकोला, सोनाबाईलाही ठाऊक नव्हतं. पाहुणा जेवायला बसला की काशीराम मीठ मात्र मोठ्या मनाने वाढायचा.

आता आमच्या गावात माणूस दिलदार की चिकट हे ठरवायची एकच जागा. चैत्रात गावदेवीची जत्रा भरते, पालखी देवळात परतली की मानाच्या नारळाचा लिलाव होतो. बाजारात चार आण्याला मिळणारा तो नारळ. पण तो स्वस्तात घेणं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणून सख्खा भाऊ भावाची बोली चढवतो, जावई सासऱ्याची चढवतो. घेणाऱ्याची शोभा व्हावी म्हणून सगळे मिळून त्याला बुडवतात आणि याला आम्ही प्रेम म्हणतो. पैसे लगेच कोणी मागत नाही, पुढच्या जत्रेला द्यायचे. आणि ज्याने नारळ घेतला त्याने तो तिथंच फोडून घरटी तुकडा वाटायचा. त्याच्या वाट्याला करवंटी.

काशीरामच्या वाट्याला करवंटीही कधी आली नाही. दरवर्षी लिलाव सुरू झाला की त्याच्या पोटात कळ यायची, आणि नारळ फुटल्याचा आवाज येईपर्यंत तो देवळामागे बसून राहायचा.

हे सगळं खपून गेलं असतं, पण त्याची मुलगी मालू लग्नाची झाली. शेजारच्या गावातला शिवा तिला पसंत होता. दोघांनी मिठागरावर एकत्र मीठ ओढलं होतं, आणि मीठ ओढताना ज्यांचं जमतं त्यांचं नंतर बिघडत नाही. अडचण होती ती शिवाच्या बापाची, बळीरामची. बळीरामने आपल्या गावच्या जत्रेत तीन वेळा नारळ घेतला होता, आणि ते सांगितल्याशिवाय तो कोणाच्या घरचं पाणी पीत नसे. बोलणी करायला बसल्यावर त्याने भर पंचांत सांगून टाकलं:

"ज्यानं हयातीत एक लिलाव घेतला नाय, त्याच्या दारात मी वरात आणायची कशी? लोक माझ्या तोंडात मीठ घालतील. तुमी एक लिलाव घ्या, मंग बोलू. नायतर द्रोणागिरीकडची एक पोरगी हाय बघून ठेवलेली."

जत्रा नुकतीच होऊन गेली होती. पुढची यायला वर्ष. तोवर द्रोणागिरीची पोरगी शिवाच्या घरात भाकऱ्या थापत असती.

तेवढ्यात पनवेलात दवंडी पिटली. पुण्याच्या रस्त्याला मुंबईच्या एका शेठचा हवा खायचा बंगला होता. शेठ मेला, वारस भांडले, आणि जुन्या सामानाचा जाहीर लिलाव ठरला. जुनं सामान, बंगला, शेठ यातलं काशीरामच्या कानात काही शिरलं नाही. एकच शब्द शिरला. लिलाव तो लिलाव, देवीचा काय नि शेठचा काय. त्याने बळीरामला सुपारी पाठवून साक्षीला बोलावलं, गावाला गाड्या जुंपायला सांगितलं, आणि सोनाबाईने निघताना सवयीने गुलालाची परातही घेतली.

बंगल्यावर जमलेली मंडळी बघून माझं डोकंच फिरलं. मुंबईहून आलेले शौकीन लोक! कोणी चालत नसलेलं घड्याळ कानाला लावतोय, कोणी तडा गेलेली बरणी पोरासारखी छातीशी धरून उभा आहे, एकजण पेंढा भरलेल्या वाघाच्या कुरतडलेल्या कानावरून हात फिरवतोय. घरातला बाप म्हातारा झाला तर हेच लोक त्याला मागच्या खोलीत टाकतात. मोटार म्हातारी झाली की तिला मऊ चामड्याने पुसतात.

मोटार होतीच. तबेल्यात, ताडपत्रीखाली. होडीएवढी लांब, पुढे पितळेचे दोन कंदील, बाजूला पितळी भोंगा आणि त्याला रबरी फुगा. इंजिन कित्येक वर्षांत चाललं नव्हतं. तिच्यासाठी एक शौकीन साहेब खास आला होता. पांढरी पँट, डोळ्यांत पाणी. अशा तीनच गाड्या या देशात उरल्या आहेत असं तो ज्याला त्याला सांगत होता. काशीरामच्या शेजारच्या ठमाबाईने त्याला विचारलं की मग उरलेल्या दोन घ्यायला तो का गेला नाही. तो दुसऱ्या माणसाला सांगायला निघून गेला.

लिलाव करणारा मुंबईचा बारका माणूस, हातात लाकडी हातोडी. त्याने मोटारीची बोली मागितली. शौकीनने आकडा सांगितला. काशीरामने हात वर करून वरचा सांगितला. लगेच आमच्या गावाने सवयीप्रमाणे "गावदेवी माते की जय" केलं आणि सोनाबाईने गुलाल उधळला. हातोडीवाला लाल झाला. त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि शौकीनकडे पाहिलं. शौकीन चढला, काशीराम चढला, पुन्हा जय, पुन्हा गुलाल.

मग बळीराम चढला. त्याला मोटार नको होती. पण होणाऱ्या व्याह्याला स्वस्तात घेऊ देणं हा व्याह्याचा अपमान झाला असता. ते पाहून काशीरामचा चुलतभाऊ चढला. ज्याच्या घरी बैलगाडीसुद्धा मागून आणलेली, असा माणूस हजाराच्या वर मोटार मागत होता. ठमाबाईनेही एकदा हात वर केला, म्हणाली शेजारधर्म आहे. शौकीन कधीच गप्प झाला होता. एकाच गावचे लोक एकमेकांवर का चढतायत हे त्याला कळेना, आणि या मोटारीत काहीतरी दडलंय असं वाटून तो पुन्हा एकदा वाकून तिच्या पोटाखाली बघून आला.

शेवटी काशीरामचा आकडा टिकला. सगळे थांबले. हातोडीवाला म्हणाला, "एक वार. दोन वार."

"थांबा," काशीराम म्हणाला. "आणखी शंभर."

"अहो, तुमचीच बोली सगळ्यात वर आहे. तुमच्यावर कोणीही बोललेलं नाही."

"म्हणूनच. स्वस्त पडतंय."

हातोडीवाल्याने आयुष्यात बरंच पाहिलं असेल, पण स्वतःवरच चढणारा माणूस पाहिला नव्हता. तो शंभर चढवणार होता की काशीराम शुद्धीवर येण्याची वाट पाहणार होता, कळलं नाही. काशीरामने आणखी पन्नास चढवले. हातोडी घाईघाईने आपटली गेली. जय झाला. गुलाल संपला होता म्हणून पोरांनी तबेल्यातला भुसा उधळला.

मग पैसे मागितले.

काशीराम छाती काढून म्हणाला की जत्रेला देतो. हातोडीवाल्याने कोणाच्या जत्रेला ते विचारलं. पैसे आज, इथे, नाहीतर बोली रद्द आणि मोटार शौकीन साहेबाला. ओसरीवर पनवेलचे दोन वकील बसले होते, ते पोट धरून हसले. हसा. तुमच्या बापांनी आमचं मीठ खाल्लंय.

बळीराम मात्र हसला नाही. त्याने फक्त टोपी नीट केली आणि गाडीला बैल जुंपायला सांगितले. मालू तिथंच होती. ती बापाकडे बघत होती, रडत नव्हती, नुसती बघत होती.

काशीरामने तिच्याकडे एकदा पाहिलं, बंडी वर केली आणि कमरेचा कसा बाहेर काढला. पैशांची ती लांब पिशवी कमरेला इतकी वर्षं बांधलेली होती की तिथली कातडी पांढरी पडली होती. गाठ इतकी जुनी होती की त्याला सुटेना, ती मालूने दातांनी सोडवली. मालूच्या लग्नासाठी साठवलेला सगळा पैसा होता तो. मालूचं लग्न व्हावं म्हणून तो मोटारीत गेला. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मला विचारू नका.

सोनाबाईला दुःख वेगळंच झालं होतं. "इतकी वरसं मी बाजूला निजतंय," ती बायकांना सांगत होती, "नि मला वाटायचं याला पोट सुटलंय."

मोटार बैलांनी ओढत गावात आणली. काशीरामने वाटेत कोणाला आत बसू दिलं नाही, स्वतःही बसला नाही, झिजेल म्हणून. देवळासमोर मोटार थांबली आणि बघतो तर घरटी एक माणूस हातात ताट घेऊन उभा.

बळीरामच बोलला. "लिलाव झाला, खरं. आता प्रसाद."

काशीरामने मोटारीभोवती एक फेरी मारली. नारळ घेतला तर वाटावाच लागतो, हे त्याला इतर कोणाहूनही जास्त ठाऊक होतं. त्याच भीतीने तो देवळामागे बसत आला होता. फेरी संपली तेव्हा त्याने पनवेलच्या सायकल दुकानातल्या दयारामला बोलावलं आणि नट सोडवायचे पाने घेऊन ये म्हणून सांगितलं.

दिवेलागणीपर्यंत मोटार वाटून झाली. भोंगा देवीला. पितळी कंदील देवळामागच्या दोन म्हाताऱ्यांना. गादी शाळामास्तरांना, चाकं चार दिशांच्या चार घरांना. पुढचं झाकण ठमाबाईने नेलं, त्यावर सुकट झकास वाळते. मानाचा तुकडा व्याह्याचा, म्हणून सुकाणूचं चाक बळीरामला दिलं. काशीरामच्या दारात उरला सांगाडा आणि इंजिन. करवंटी.

दुसऱ्या सकाळी शौकीन आला. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती, तो वाढीव भाव घेऊन आला होता. सांगाडा पाहून तो खाली बसला तो उठेचना. सोनाबाईने त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि सगळं समजावलं. मग तो घरोघर निघाला. पहिल्याच घरी, ठमाबाईकडे, त्याने नोटा पुढे केल्या. ठमाबाई भडकली.

"प्रसाद इकतात व्हय रं? तुला पायजे तर तसाच ने. पण जेवल्याबगर नाय."

प्रसाद विकत नाहीत, पण मागितला तर नाही म्हणत नाहीत. प्रत्येक घराने तुकडा फुकट दिला आणि प्रत्येक घराने त्याला जेवायला बसवलं. कंदिलांबरोबर बोंबील, गादीबरोबर भाकरी आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण, चाकांबरोबर चार वेळा भात. दुपारनंतर पांढऱ्या पँटीचं वरचं बटण सोडून तो चालत होता. त्याचं तोंड पहिल्यांदाच माणसासारखं दिसलं.

राहिलं सुकाणूचं चाक. ते बळीरामकडे. बळीरामने त्याला ओसरीवर बसवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि किंमत मागितली. शौकीनने आकडा सांगितला. बळीराम म्हणाला, स्वस्त पडतंय. शौकीन चढला. बळीराम म्हणाला, अजून स्वस्त पडतंय. लिलावात एकटाच गिऱ्हाईक आणि तोही स्वतःवर चढतोय, हे शौकीन कालच शिकला होता. पण त्याच्या खिशातल्या नोटा संपल्या, तेव्हा तो रिकाम्या हातांनी आमच्या गावात परत आला आणि घडलं ते काशीरामला सांगितलं.

काशीराम दारातल्या सांगाड्यावर बसला होता. तो उठला.

"परसाद इकणाऱ्याच्या घरी मी माझी मालू देणार नाय. जा कोणीतरी, सांगा त्याला. द्रोणागिरीची पोरगी आण म्हणावं."

 ज्या लग्नासाठी कमरेचा कसा सुटला, ते लग्न त्याने आपल्या तोंडाने मोडलं होतं. मालू आत गेली आणि भांडी घासायला लागली, इतकी जोरात की शेजारची कुत्री पळाली.

निरोप घेऊन कोणी निघणार, तोच बांधावरून शिवा येताना दिसला. पळत होता. गळ्यात सुकाणूचं चाक घातलेलं, आणि मागून बळीराम धोतर सावरत, किंमत ओरडत. धावता धावता तो ती कमीही करत होता. शिवाने चाक गळ्यातून काढून शौकीनच्या हातात दिलं.

"घ्या साहेब. परसाद हाय. आमच्या घरी जेवायला नाय घातलं, त्याची माफी करा."

मालू राखेने भरलेल्या हातांनी बाहेर आली होती. तिने शिवाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्नातही हेच घालून बसशील, की हार आणशील?"

काशीरामने बळीरामकडे पाहिलंच नाही. शिवाला हात धरून सांगाड्यावर आपल्या बाजूला बसवलं. बळीराम उभा राहिला, कारण बसायला गादी नव्हती.

लग्नाला पैसा उरलाच नव्हता. तांदूळ गावाने दिले, मासळी खाडीने दिली. गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या धवलारणीने तिच्या गाण्यांत मोटारीलाही एक ओळ दिली. शौकीन आणि दयारामने मिळून हळदीच्या दिवसापर्यंत मोटार जोडली. तिच्यातून नवरानवरीची वरात निघाली. ओढायला बैल, सुकाणूवर शौकीन, कारण ते चाक तो आता कोणाच्याही हाती द्यायला तयार नव्हता. त्याने आहेराच्या ताटात पाकीट ठेवलं. आम्ही ते मोजलं नाही. बळीरामने मोजलं.

मोटार मुंबईला गेली. तिथं तिला चामड्याने पुसतात, आणि शौकीनचे मित्र तिच्याजवळ आले की नाकाला रुमाल लावतात. ठमाबाईच्या सुकटीचा वास काही केल्या जात नाही. भोंगा तेवढा त्याला मिळाला नाही. तो देवीचा, देवीलाच विचार, असं देवीच्या भगताने सांगितलं. शौकीन हात जोडून बराच वेळ उभा राहिला, देवी काही बोलली नाही, तो गेला.

आता जत्रेतला लिलाव भोंग्यानेच सुरू होतो. पुढच्या चैत्रात पहिल्यांदा तो वाजला, नारळ वर धरला गेला, आणि काशीरामच्या पोटात कळ आली. तो देवळामागे गेला. नव्या व्याह्याला, बळीरामला, पाहुणा म्हणून मानाने बोलावलं होतं. तो तिथं आधीच येऊन पोट धरून बसला होता.