आईच्या गालावरचा डाग

रवीने फोटो आणला तेव्हा मी चहा गाळत होते. "ताई, बघ," म्हणाला. दीड फुटी फ्रेममध्ये एक गोरी, नितळ बाई होती. अंगावर निळ्या काठांची पांढरी साडी, जी आईने कधी नेसली नव्हती. डोळे मात्र तिचेच होते.

"डाग कुठे आहे?" मी विचारलं.

"स्टुडिओवाल्याने काढला. आईला तरी कुठे आवडायचा तो?"

"रवी, दहा वर्षांनी आपल्याला हाच चेहरा आठवेल."

त्याने चहाचा कप उचलला.

आमची आई, विठाबाई, तीस वर्षं दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जात होती. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना एक रसायन लावतात. मी सहावीत असताना त्याचा थेंब तिच्या गालावर उडाला. जखम भरली, पण रुपयाएवढा पांढरा डाग राहिला. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, आता कॉलेजात तेच शिकवते. त्या रसायनाचं सूत्र मला रेणुभारासकट पाठ आहे.

आई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी होता. शनिवारी सकाळी मी फ्रेम घेऊन सातपूरच्या त्या स्टुडिओत गेले.

"ताई, लोक डाग काढायला येतात," स्टुडिओवाला हसला. "लावायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." त्याने संगणकावर फोटो उघडला, डागाचा रंग निवडला. "कुठल्या गालावर?"

मला आठवेना. मी फोन काढला.

मूळ फोटो आधार कार्डाचा होता. उजेडाने सगळा चेहराच पांढरा पडलेला. फोनमध्ये आणखी दोन सापडले. एकात डाग डाव्या गालावर होता, दुसऱ्यात उजव्या. दोन्ही रवीच्या पायलने आजीला खेटून काढलेले सेल्फी, पायलचं अर्धं तोंड चौकटीबाहेर. पुढचा कॅमेरा काही फोनमध्ये प्रतिमा उलटी साठवतो, काहींत नाही. पदराचा खांदा दिसला असता तर प्रश्न सुटला असता. पण एकात आई शाल आणि कानटोपीत होती, दुसऱ्यात दवाखान्यातली चादर हनुवटीपर्यंत.

मी पायलला फोन केला. "आत्या, कुठल्या मोबाइलचे ते, नाही गं आठवत. जुना तर पप्पांनी विकला."

रवीला केला. "उजवा," तो लगेच म्हणाला. मग, "थांब, डावा." मग चिडून, "ताई, तिच्या कुशीत तू झोपायचीस, मी नाही."

खरं होतं. जखम ओली असताना मलमही मीच लावायचे. मलमाची ट्यूब पिवळी होती. आई डोळे मिटून समोर बसायची आणि माझं बोट गालावर फिरत असेपर्यंत श्वास धरून ठेवायची. हे सगळं मला आठवतं. पण माझा हात तिच्या चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला जायचा, ते काही केल्या दिसेना. त्या स्टुडिओत मी हवेत बोट फिरवून पाहिलं. दोनदा.

"बोला ताई." मागे पासपोर्ट फोटोवाले खोळंबले होते. "अंदाजाने लावू का?"

"नको," मी म्हटलं.

रविवारी वंदना झाली. लोक एकेक करून फुलं वाहत होते. "फोटो किती छान आलाय," म्हणत पुढे सरकत होते. आईबरोबर बागेत एकाच ओळीत काम केलेल्या गोजराबाई दिंडोरीहून आल्या होत्या. फोटोसमोर त्या थबकल्या.

"विठाचा डाग कुठं गेला गं?"

हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. "मावशी, कुठल्या गालावर होता तो?"

"आता गं बाई! मला नाय माहीत? मीच तर पाणी मारलं व्हतं तोंडावर." त्यांनी काचेवर उजव्या गालाशी बोट टेकवलं. "इथं." बोट तिथे थोडा वेळ राहिलं. मग हळूहळू दुसऱ्या गालावर सरकलं. "नाय, इथं." पुन्हा मागे निघालं आणि नाकापाशी थांबलं.

"लय ठसठशीत व्हता," त्या पुटपुटल्या.

मागे रांग थांबली होती. मी त्यांचा हात काचेवरून हळूच काढला आणि त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं.