लाल पेन्सिलीने खोडलेली ओळ

धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. मुलीचे वडील हवामान कार्यालयात तपासनीस होते. उपग्रह वरून हवेतली उष्णता आणि ओल मोजतो. ती मोजणी खरी की खोटी, हे पाहायला कार्यालयाच्या गच्चीवरून रोज सकाळी एक फुगा सोडत. फुग्याला टांगलेली डबी वर जाता जाता आकडे कळवी. तपासनीस दोन्ही रकाने ताडून पाहत.

मंडळी, इथवर सगळं ठीक. पण तपासनिसांना एक खोड जडली होती. आकड्यांत फार तफावत आली की ते लाल पेन्सिल उचलत, फुग्याची ओळ खोडत आणि शेरा मारत, ‘डबी सदोष’. उरलेले आकडे जुळणारच! वरिष्ठ खूश, तपासनीसही खूश.

लग्नाला सहा आठवडे झाले होते. त्या सकाळी फुगे सोडणारे काका धापा टाकत आत आले.

“साहेब, वर ओलच ओल आहे. उपग्रह कोरडं म्हणतोय. मी दुसरा फुगा सोडला, तोही तेच सांगतोय.”

“दोन्ही डब्या एकाच खोक्यातल्या ना? मग अक्कलही सारखीच असणार!”

सगळी खोली हसली. काका हसले नाहीत.

“वर विरळ ढगांचा पडदा असला की उपग्रह फसतो, साहेब. तो फसतो का, हे बघायलाच आपण फुगा सोडतो. त्याच्यासारखं बोलला नाही म्हणून फुगाच खोटा ठरवायचा, तर सोडायचा कशाला?”

“तुमचे हात रिकामे राहू नयेत म्हणून!” तपासनीस म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल ओढली. पावसाचा इशारा कुणालाच गेला नाही.

तेवढ्यात जावयांचा फोन आला. ते नदीवर पुलाच्या पायाचं काम बघत.

“बाबा, आज पात्रात माणसं उतरवू ना? घरचंच हवामान खातं आहे, तर विचारून घ्यावं म्हटलं.”

“उतरा हो जावईबापू, बिनघोर उतरा! वरपर्यंत कोरडं ठणठणीत आहे.”

दुपारी डोंगराकडे ढग फुटला. नदीला लोंढा आला. जावयांनी आधी मजुरांना वर काढलं. स्वतः मात्र राहिले.

मुलगी माहेरी आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“बाबा, तुम्हाला कळलं नव्हतं ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांची जीभ वळेना.

“कळलं होतं, बाळ. मीच खोडलं.”

ती आल्या पावली परत गेली. पुन्हा त्या घरात आली नाही.

आठवड्याने वरिष्ठांचं पत्र आलं. आकडे शंभरात नव्याण्णव जुळले, तपासनिसांचं अभिनंदन! तपासनिसांनी ते पत्र काकांच्या पायाशी ठेवलं. काकांनी पाय मागे घेतले. “माझ्या पाया पडून काय होणार, साहेब? ओळ पुन्हा लिहा.”

त्यांनी त्या दिवसाची ओळ पुन्हा लिहिली. जुन्या वह्या काढून खोडलेली एकेक ओळ लिहिली. शेरा बदलला, ‘फुगा बरोबर. तपासनीस सदोष.’

मंडळी, आपणही घरात, कचेरीत अशा ओळी खोडतो. जो माणूस चूक दाखवायलाच नेमला आहे, त्याने चूक दाखवली म्हणून त्याला हसू नका. न जुळणारा आकडा आधी तपासा, पेन्सिल मग उचला!

जावई, वय सत्तावीस, लग्नानंतर त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी पावणेतीन वाजता नदीत बुडून वारले.