सिंह हरवलेलं नाणं

मित्रांनो, मी एक जुनं ग्रीक नाणं आहे, अस्सल चांदीचं. सध्या मुक्काम अमेरिकेत, सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटात, देव्हाऱ्यात. अंगावर हळदकुंकू आहे आणि सगळे मला लक्ष्मी समजतात. खरा मी कोण, ते आता तुम्हीच ऐका.

माझ्या अंगावर हेराक्लीस नावाचा वीर सिंहाशी झुंजत असे. कारागिरानं मला साच्यावर ठेवून हातोडा घातला तेव्हा तो सिंह उमटला. पुढे बाजारात हिंडलो, झिजलो आणि शेकडो वर्षं जमिनीत पडून राहिलो. पण तिथेच माझ्या खाचांत काळी छटा बसली, म्हणून झिजलेला सिंह दिसत तरी राहिला.

२००३ साली गुरुनाथ नावाच्या चिप इंजिनिअरनं मला एका प्रदर्शनात विकत घेतलं. काय जीव लावला त्यानं मला! रविवारी लेक सावनीला मांडीवर घेऊन, मला दिव्याखाली धरून तो सिंहाची गोष्ट सांगायचा. "हे काळं कधी पुसायचं नाही हं. सिंह त्यातच राहतो," हे त्यानंच तिला शिकवलं.

मग दिवाळीला नागपूरहून त्याची आई आली, शैलजाबाई. लक्ष्मीपूजनाला चांदी लखलखीत हवी, म्हणून त्यांनी मला टेबलावरून उचललं आणि रांगोळीनं घासायला बसल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, बिचाऱ्या भक्तीनं घासत होत्या. पण गुरुनाथ कॉफीचा मग घेऊन दारातच उभा होता.

"अरे, किती कळकटलं होतं हे," त्या म्हणाल्या.

अर्धा सिंह तेव्हा शाबूत होता. एक शब्द पुरला असता.

"छान निघालंय, आई," तो म्हणाला. आईचं मन मोडवेना त्याला, माझा सिंह गेलेला मात्र चालला.

संध्याकाळी सावनीनं पूजेत मला पाहिलं. टेबलही रिकामं दिसलं तिला. "बाबा, व्हेअर इज माय लायन?"

"ते कॉइन हरवलं गं, सावू. हे आजीचं, पूजेचं."

मित्रांनो, रांगोळीनं झालं नाही एवढं त्या वाक्यानं दुखलं. ज्यानं मला माया दिली, त्यानंच ओळख नाकारली. म्हणून सांगतो, जिवलगाचं नुकसान होताना भिडेपोटी मूग गिळून बसू नका. बसलातच, तर निदान नंतर त्याला परकं तरी म्हणू नका.

सिंहाची गोष्ट तेव्हापासून बंद आहे. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला सावनी माझ्यासमोर बसली, डोळे मिटले आणि माझ्याकडेच मागितलं, "प्लीज, माझं लायनवालं कॉइन सापडू दे."

गुरुनाथ शेजारीच उभा होता. त्यानंही हात जोडले.