उंबऱ्यापर्यंतची वीज

बॅटरीशी बोलणारा माणूस म्हणून सोलापुरात विजापूर रोडला संगमेश बिराजदारची ख्याती होती, आणि ती त्यानं स्वतःच पसरवली होती. टोपण काढून कान लावला की आतलं पाणी काय म्हणतंय ते आपल्याला कळतं, असं तो येईल त्याला सांगायचा. त्यातलं निम्मं खरं होतं. चाळीस वर्षं शिसं आणि ॲसिड यांच्यात घालवलेल्या माणसाला बल्बचा पिवळेपणा बघून बॅटरीत किती दम उरलाय ते सांगता येतंच. त्या चाळीस वर्षांनी त्याला नाव दिलं, दुकान दिलं आणि कंबर मात्र कायमची धरून ठेवली.

एप्रिलच्या शेवटी, ऊन माणसाला भाजून काढत असताना, त्याच्या दुकानापुढं एक जुनी पांढरी ट्रॅव्हलर येऊन थांबली. चालवत होता जोतीराम माने, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातला निवृत्त फिटर. गाडीतल्या सीटा उपटून त्यानं आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, एवढंच काय, भांडी घासायला छोटी मोरीसुद्धा स्वतःच्या हातानं बसवली होती. कुर्डुवाडीतले लोक त्या गाडीला हसायचे. जोतीरामला त्याचं काही नव्हतं.

“अण्णा, लाइटच न्हाय अशा ठिकाणी एक रात काढायची हाय,” तो म्हणाला. “एक मशीन चालवायचं. सांजच्या सहापासनं सकाळी आठपत्तर. मदी बंद पडून चालायचं न्हाय.”

“कसलं मशीन?”

“मंडळींचं. श्वासाचं.”

मग सगळी हकीकत कळली. जोतीरामची बायको बजाबाई. दोन वर्षांपूर्वी तिची फुप्फुसं आखडली, तेव्हापासून नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून प्राणवायू गाळून देणारं मशीन. मशीन भिंतीतल्या प्लगला, म्हणजे बजाबाईही त्या प्लगलाच. पाठीवर अडकवायची छोटी मशिनं मिळतात, पण ती हिला पुरायची नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं. एक लहान सिलिंडर होता, तोही जेमतेम अर्धा तास टिकणारा, अडीनडीपुरता.

बजाबाईचं माहेर जेऊरच्या पलीकडं, जुनं धायगाव. ती पंधरा वर्षांची असताना ते उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वरची आळी उघडी पडायची, पण तिच्या आईचं घर खालच्या अंगाला, ते कधी दिसलंच नाही. यंदा धरण इतकं खाली गेलं की भावाच्या सुनेनं फोनवर सांगितलं, आत्या, तुमचा उंबरा उघडा पडलाय. त्या दिवसापासून बजाबाईनं दुसरं काही मागितलं नव्हतं. दिवसाच्या उन्हात तिला बाहेर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे संध्याकाळी जायचं, रात्र तिथंच काढायची आणि सकाळी बघायचं. पाऊस पडला की पाणी परत चढणार होतं, आणि पुढच्या वर्षाचं कुणी काय सांगावं.

“तीनशे वॅट, चौदा तास?” संगमेशनं मान झटकली. “एकशे ऐंशीच्या दोन बॅटऱ्या टाकतो, दादा. निवांत झोपा की.”

“आदी हितं चालवून बघू,” जोतीराम म्हणाला. “ब्रेक तपासल्याबिगर आमच्यात गाडी सुटत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मशीन चालू केलं. बजाबाई घरी, भाड्यानं आणलेल्या दुसऱ्या मशीनवर. हे नुसतंच हवा फुंकत बसलेलं. जोतीराम स्टुलावर बसून दर अर्ध्या तासानं वेळ लिहीत होता आणि संगमेश त्याच्याकडं बघून मिशीत हसत होता. पावणेचारला इन्व्हर्टर किंचाळला आणि मशीन गप्प झालं.

संगमेशनं घड्याळाकडं पाहिलं. चौदा कुठं आणि पावणेआठ कुठं! त्याची आकडेमोड कागदावर बरोबर होती. चूक होती ती अख्ख्या सोलापूरची. या गावात कुणीच कधी इन्व्हर्टरची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली नव्हती. लाइट जाते, तास-दोन तास शिव्या खाते आणि येते. बॅटरीवर बारा तास लिहिलेले असोत की वीस, तपासायची वेळ कुणावर आलीच नाही. चाळीस वर्षं संगमेशनं लोकांना बॅटऱ्या दिल्या त्या लाइट परत येणार या भरवशावर. उजनीच्या काठावर ती येणार नव्हती. आज इथं बजाबाई असती तर, हा विचार त्याच्या मनात आला आणि जोतीरामकडं बघायची त्याला लाज वाटली.

“चुकलो, दादा,” तो म्हणाला. हे वाक्य त्या दुकानात याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

शिशाची बॅटरी पुरती पिळली तर लवकर मरते, निम्मीच वापरायची. त्या रीतीनं चौदा तासांना सहा-सात बॅटऱ्या लागल्या असत्या, म्हणजे चारशे किलो. ट्रॅव्हलरच्या स्प्रिंगचे पाटेच बसले असते. उरली ती लिथियम, आणि लिथियमचं नाव काढलं की संगमेश नाक मुरडायचा. मोबाइलचा फुगलेला तुकडा, उद्या पेट घेईल, असं त्याचं मत. पण या वेळी त्यानं मत खिशात ठेवलं आणि पुण्याच्या एका पुरवठादाराला फोनवर तासभर पिडलं. गाडीतल्या घरासाठी असते ती लोह-फॉस्फेटची, मोबाइलमधल्यापेक्षा वेगळ्या जातीची, सहजी पेटत नाही आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, हे त्याला त्या तासात कळलं.

दोनशे ॲम्पिअरच्या तीन बॅटऱ्या आल्या. संगमेशनं पहिलीला हात घालण्यापूर्वी सवयीनं गुडघे वाकवले, दम धरला, देवाचं नाव घेतलं आणि हिसका मारला. खोकं असं वर आलं की हनुवटीच फुटायची. तो ते हातात धरून तसाच उभा राहिला. पंचवीस किलो! कागदावर वाचलं होतं, पण हाताला आत्ता कळलं. त्यानं ती खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

“काय झालं ओ?” जोतीरामनं विचारलं.

“काय न्हाय. बघतोय.”

या वेळी दुपारी बाराला मशीन लावलं आणि शेजारी गाडीचा एक बल्ब टांगला. संध्याकाळी बल्ब पांढराशुभ्र. दुकान बंद करायच्या वेळीही तसाच. संगमेशनं कान लावला. आत काहीच नाही. टोपण नाही, पाणी नाही, वास नाही. सकाळी आठला शटर वर केलं तर मशीन चालूच होतं आणि बल्बवर पिवळ्या रंगाची छटासुद्धा नव्हती. वीस तास! तो खुर्ची ओढून बल्बापुढं बसला, देवापुढं बसावं तसा. आणि साडेआठच्या सुमाराला, काही न सांगता, काही न कण्हता, सगळं एका क्षणात बंद.

तेव्हा त्याला खरी भीती वाटली. शिसं मरताना आधी सांगतं, दिवा मंद होतो, पंखा रेंगाळतो. ही शेवटपर्यंत पूर्ण ताकदीनं देते आणि संपली की संपली. हिच्यापुढं त्याची चाळीस वर्षांची विद्या पांगळी होती. मग त्यानं एक छोटं मीटर बसवलं. किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली ते मोजून उरलेली टक्केवारी दाखवणारं. जी गोष्ट कानाला कळायची ती आता आकड्यावर वाचायची होती. मान खाली घालून त्यानं ते शिकून घेतलं.

पुढचे तीन दिवस त्यानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. जोतीरामनं शिशाच्या बॅटऱ्यांसाठी गाडीच्या खाली, सायलेन्सरशेजारी पेटी केली होती. ती संगमेशनं रद्द केली आणि बॅटऱ्या आत पलंगाखाली घेतल्या, कारण चव्वेचाळीस डिग्रीत तिथं लिथियमनं स्वतःच संप पुकारला असता. या बॅटऱ्या डायनामोतून हावऱ्यासारखी वीज ओढतात, म्हणून डायनामो जळू नये यासाठी मध्ये वेगळा चार्जर घातला. टपावर सौर पट्ट्या होत्या, त्यांचा जुना चार्जर शिशाच्या मापाचा, तोही बदलला. शेवटचा नट आवळून झाल्यावर तो म्हणाला, “मी बी येतो संगट. बॅटरीवर भरवसा हाय, दादा. माझ्यावर न्हाय.”

कुर्डुवाडीहून बजाबाईला घेऊन ते निघाले आणि सातच्या सुमाराला, अंधार पडता पडता, जेऊरच्या पलीकडं धरणाच्या कोरड्या पात्रात पोचले. बजाबाई पलंगावर टेकून बसलेली, लहानखुरी, नाकाला नळी, तोंडानं एकसारखी वाट सांगत होती. जिथं वाट नव्हती तिथंही सांगत होती. रात्रभरात संगमेश किती वेळा मीटर बघायला उठला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

उजाडलं तेव्हा मीटरवर सत्तेचाळीस टक्के होते. संगमेश गाडीतून खाली उतरला आणि होता तिथंच थांबला.

पुढं अख्खं गाव पडलं होतं. भिंती नव्हत्या, पण प्रत्येक घराचा पाया, प्रत्येक गल्ली, पार, आडाचा काठ, कुणाचं तरी जातं, सगळं चिखलाच्या करड्या रंगात जिथल्या तिथं. त्याच्या पलीकडं पाणी आणि पाण्यात शेकडो रोहित पक्षी एका पायावर उभे. सोलापुरात जन्म गेला त्याचा, आणि इथून दीडशे किलोमीटरच्या आत हे असं काही असतं याची त्याला कल्पना नव्हती.

“त्यो बघा,” मागून बजाबाई म्हणाली. नळी ओढत ती दारापर्यंत आली होती. “त्या आडाच्या डाव्या अंगाला. काळा दगुड. त्यो आमचा उंबरा.”

दगड दोनशे पावलांवर होता. काल संध्याकाळी जोतीरामनं गाडी पुढं घ्यायचा प्रयत्न केला तर चाक चिखलात रुतायला लागलं होतं. नळी पन्नास फुटांची. सिलिंडर अर्ध्या तासाचा, त्यात जाऊन बसून परत येणं व्हायचं नाही. जोतीराम नुसता त्या दगडाकडं बघत राहिला. बजाबाईनं नवऱ्याचं तोंड पाहिलं.

“बगितलं की,” ती म्हणाली. “लई झालं. चला आता, ऊन व्हईल.”

संगमेश आत गेला. पलंगाखालची एक बॅटरी त्यानं सोडवली, बाकी दोन्हींवर मशीन चालू ठेवलं. तारांची टोकं चिकटपट्टीनं बांधली, आणि जोतीरामला काही कळायच्या आत ते खोकं खांद्यावर घेऊन तो चिखलातून चालायला लागला. कंबर कुरकुरली. तो तिला काहीतरी कानडीत बोलला आणि चालत राहिला. एका माणसाच्या खांद्यावर तीन तासांचा श्वास होता, आणि तो माणूस चालू शकत होता. शिशाची असती तर दोघांनी उचलून चौथ्या पावलाला खाली ठेवली असती. काळ्या दगडाच्या बाहेर एक सपाट फरशी होती, तिच्यावर त्यानं बॅटरी ठेवली आणि परत आला.

मग बजाबाईला सिलिंडर लावला. संगमेशनं मशीन खांद्यावर आणि इन्व्हर्टर काखेत घेतला. जोतीरामनं बायकोला पाठुंगळी घेतलं.

“आवं, ह्ये काय, लोक बगत्याल!” ती म्हणाली. लोक कुठले, तीन कोसांत माणूस नव्हतं. रोहित पक्षी तेवढे होते.

सात मिनिटांत ते पोचले. संगमेशनं तारा जोडल्या, नट आवळले, बटण दाबलं. मशीननं एक सुस्कारा टाकला आणि घुमायला लागलं. नळी बदलली. बजाबाईनं दोन लांब श्वास घेतले.

“ह्या घरात लाइट कदी आलीच न्हवती,” ती म्हणाली. “गाव उटलं तवर आमच्यात राकेलची चिमणीच हुती. आई म्हणायची, पुढच्या साली खांब यील.”

ती जोतीरामच्या हाताला धरून उभी राहिली, वाकून दगडाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि उजवा पाय उचलून आत गेली. चुलीची जागा तिला बरोब्बर सापडली. तिथं तिनं बसकण मारली, पदर सारखा केला आणि इकडंतिकडं बघायला लागली. ना भिंत, ना आढं, वर सगळं आभाळ. तिच्या तोंडावर मात्र चार भिंतींच्या आत बसलेल्या बाईचं समाधान होतं. जोतीराम तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि उघड उघड रडायला लागला.

संगमेश बाहेर बॅटरीपाशी उभा होता. डोळे पुसायला हात रिकामे नव्हते, ते त्यानं मुद्दामच तारांना धरले होते. आपण आजवर दुकानांना, दवाखान्यांना, लग्नाच्या मांडवांना वीज दिली, पण कुणाच्या घरी घेऊन गेलो ते आजच, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं त्याला पेलवेना.

“अण्णा, भायेर का हुबं ऱ्हायला?” बजाबाईनं हाक मारली. “आत या की.”

त्यानं पाय उचलला.

“चपला,” ती म्हणाली.

संगमेशनं खाली पाहिलं. सगळीकडं चिखल, पुढं नुसता एक दगड. त्यानं चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर नीट शेजारी शेजारी ठेवल्या, आणि डोकं किंचित वाकवून आत गेला.